जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी जी भाषणे झाली त्यांचे विषय संतवाङ्मयापासून मधुमेहापर्यंत नाना प्रकारचे होते. त्या थोर पंक्तीत खेळाच्या संगणकाची डागडुजी हा विषय घेऊन येऊन बसताना मला संकोच वाटतो. त्यातून मी कलाशाखेचा पदवीधर. नोकरी केंद्र सरकारची, आणि त्या नोकरीतील सारा काळ टिपणे, मंजुऱ्या आणि लेखापरीक्षकांचे आक्षेप यांत गेलेला. परंतु आपल्या चिटणीसांनी आग्रह धरला. ते म्हणाले, “चिकपेटेच्या पलीकडे जाऊन तुम्ही बापलेकांनी जे काही केलेत ते सांगा. आपल्या निम्म्या घरांत हाच तंटा चालू आहे.” तेव्हा जे घडले ते सांगतो. त्यात माझी एक फजिती आहे, तीही लपवणार नाही.

तंट्याचे मूळ असे. २०१८ साली आम्ही नागपुरास असताना सीताबर्डीवर चिरंजीवांसाठी एक संगणक जुळवून घेतला होता. पुढे माझी बदली येथे झाली आणि कपाट, देव्हारा, पितळी भांडी यांच्याबरोबर तो संगणकही ट्रकमधून आला. गेल्या वर्षाच्या आरंभी, म्हणजे २०२५ साली, चिरंजीवांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. नव्या संगणकाचा अंदाज : एक लक्ष वीस हजार रुपये. कारण काय, तर जुन्यावर खेळ अडखळतो. माझ्या पिढीच्या माणसाला या वाक्यातील ‘खेळ’ हा शब्दच आधी खुपतो. मी कागद परत केला.

त्यानंतर काही दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठलो असता त्याच्या खोलीतून आवाज आला, “काहून बे, मागं पाह्य न!” मी दाराशीच थबकलो. आमच्याशी हा मुलगा अर्धे इंग्रजी आणि पाव हिंदी बोलतो. महाविद्यालयात कन्नड मित्रांशी मोडकेतोडके कन्नड बोलतो. पण कानाला हेडफोन लावून तो जे बोलत होता ते अस्सल नागपुरी मराठी होते, आणि पलीकडे त्याच्या शाळेतले चार मित्र होते. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ पाच-पाच जणांच्या दोन चमूंत खेळतात. हे चौघे आणि आमचा पाचवा, असा तो जुना चमू. बदल्यांच्या नोकरीत मुलांचे मित्र तुटतात हे आपण सर्वजण जाणतो आणि त्याबद्दल फारसे बोलत नाही. याचे चार मित्र तेवढे टिकले होते, ते या यंत्राच्या आधारावर. आणि यंत्र आता त्याला दगा देत होते. ऐन मोक्याला पडद्यावरचे चित्र गोठे, हा मरे, आणि चमू हरे. पाचवा गडी दुसरा पाहावा, असे त्या चौघांपैकी एकजण थट्टेने बोलूनही गेला होता. हे मला पुढे कळले.

दुसऱ्या दिवशी मी पंचवीस हजार रुपये मंजूर केले. अट एकच : आधी सद्यःस्थितीचा अहवाल सादर करावा.

आता यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. येथे जमलेल्या भगिनींना मी आपल्या गणेशोत्सवातील पंगतीचे उदाहरण देतो. प्रोसेसर म्हणजे आचारी. रॅम म्हणजे त्याच्यापुढचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पाने मांडून, वाढून, पंगत देखणी करणारी मंडळी. आणि ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो वीज पुरवणारा डबा म्हणजे शेगडीखालचा गॅस. पंगत खोळंबली म्हणजे आपण वाढप्यांवर ओरडतो. वास्तविक ओटाच इतका लहान असतो की आचाऱ्याला दर दोन मिनिटांनी कोठीकडे धावावे लागते. अशा वेळी वाढपी दुप्पट केले तरी पाने रिकामीच राहणार.

आमच्या यंत्रात आचारी होता एएमडी कंपनीचा रायझन ५ मालिकेतील १६०० क्रमांकाचा प्रोसेसर. ओटा आठ जीबीचा, तोही एकाच पट्टीचा. कोठी म्हणजे एक टीबीची जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. वाढपी म्हणजे जीटीएक्स १०५० टीआय हे चार जीबीचे कार्ड. खेळ मात्र मधल्या काळात बदलला होता. २०२३ च्या सप्टेंबरात ‘काउंटर-स्ट्राइक २’ आले आणि त्याने जुन्या आवृत्तीची जागा घेतली. खेळ विनामूल्यच राहिला, पण त्याची भूक वाढली. यंत्र बिघडले नव्हते. त्याच्यावरचा भार वाढला होता.

चिरंजीवांनी तीन संध्याकाळी खेळता खेळता आकडे टिपले. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक भाग किती टक्के राबतो आहे ते दिसते. रीत अशी : खेळ अडखळत असताना ग्राफिक्स कार्ड सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डाची. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर निवांत असेल आणि तरी चित्र अडखळत असेल, तर ते कोणाची तरी वाट पाहत आहे असे समजावे. दुसरी कसोटी याहून सोपी आहे. खेळाचे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील ठिपक्यांची संख्या, कमी करून पाहावी. तेवढ्याने वेग वाढला तर कार्ड अपुरे. काहीच फरक पडला नाही तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा. आमच्याकडे रिझोल्यूशन कमी केल्याने वेग वाढला नाही. कार्ड सत्तरीच्या आत. रॅम जवळजवळ काठोकाठ भरलेली. नवे मैदान उघडताना हार्ड डिस्क शंभर टक्के. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा होता : रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर घ्यावा, कार्ड तूर्त आहे तेच ठेवावे. मी त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारून सही केली.

मग एका शनिवारी आम्ही मेट्रोने चिकपेटेस उतरलो. २०१७ च्या जूनमध्ये हे भुयारी स्थानक सुरू झाल्यापासून पेटेत जाणे फार सोपे झाले आहे. नव्याने येथे आलेल्या मंडळींसाठी सांगतो : ही सारी वस्ती १५३७ साली केंपेगौडांनी वसवलेल्या मूळ बंगळुरातली. चिकपेट म्हणजे धाकटी पेठ, आणि जिला आज आपण अव्हेन्यू रोड म्हणतो ती दोड्डपेट, थोरली पेठ. बळेपेट बांगड्यांची, अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची. आपले नातेही येथे जुने आहे. १६३८ साली हे शहर आदिलशाहीने जिंकले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आले. भावसार आणि शिंपी समाजांची जी घराणी पेटेत पिढ्यानपिढ्या राहिली, त्यांच्या घरांतली मराठी अजून ऐकायला मिळते. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी हे शहर घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांच्या हवाली केले. जेथे अख्ख्या शहराचा सौदा झाला तेथे दीड हजारासाठी घासाघीस करायला मला लाज का वाटावी?

अव्हेन्यू रोड ओलांडून नगरथपेटेच्या बोळांतून निघाले की एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड. कोणी बारा फुटांच्या गाळ्यात बसून मदरबोर्ड विकतो, कोणी पायरीवर वायरींची भेंडोळी मांडतो, जिन्याखाली बसलेला कारागीर भिंगातून पाहत टाके घालतो. हे सर्व पाहून माझ्यातील शिस्तबद्ध अधिकारी थोडा सैल झाला असावा. आम्ही प्रथम अहवालाप्रमाणे खरेदी केली. पाचशे जीबीची एसएसडी, च्युइंगमच्या पट्टीएवढी, रुपये ३,१००. रॅमची दुसरी आठ जीबीची पट्टी, पहिलीच्याच वेगाची, रुपये १,७००. एकाऐवजी दोन पट्ट्या बसवल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो, आणि रायझनच्या त्या पहिल्या पिढीला याचा विशेष फायदा होतो, असे चिरंजीवांनी समजावले. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतले. येथवर सर्व यथासांग झाले.

आणि मग मला ते कार्ड दिसले. आरएक्स ५८०, आठ जीबी, दोन पंखे, वीतभर लांब, वजनाला चांगले दणदणीत. सेकंड हँड. दुकानदाराने साडेसात हजार सांगितले. मी घासाघीस सुरू केली, त्याने “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी” म्हणत म्हणत सहा हजारांवर आणले, आणि मी विजयी मुद्रेने चिरंजीवांकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, “बाबा, रिपोर्टमध्ये कार्ड नाहीये. आणि आपल्या एसएमपीएसला ते झेपणार नाही.” मी म्हणालो, साडेचारशे वॅटचा डबा आहे, न झेपायला काय झाले? तांत्रिक अहवाल बाजूला सारून नजरेत भरेल ते विकत घेणारे अधिकारी मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत. त्या दिवशी मी त्यांच्या पंक्तीला जाऊन बसलो.

हे कार्ड इतके स्वस्त का होते हेही मला नंतर कळले. ज्या काळात ग्राफिक्स कार्डांवर आभासी चलन ‘खोदण्याचा’ धंदा जोरात होता, त्या काळात आरएक्स ५८० या कार्डाला त्या धंद्यात मोठी मागणी होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांनी इथेरियम खोदणे एका दिवसात थांबले. रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. अशी सर्वच कार्डे वाईट असतात असे नव्हे. पण घेताना ते अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून दाखवा असे म्हणायचे असते. मी पाच मिनिटे रंगीत चित्र पाहून समाधान मानले. वॉरंटी नाही हे दुकानदाराने स्पष्ट सांगितले होते. त्याच्याकडे बोट दाखवण्याला मला जागा नाही.

घरी आल्यावर पहिली अडचण. त्या कार्डाला वीज देण्यासाठी आठ टोकांची वेगळी जोडणी लागते, आणि आमच्या जुन्या एसएमपीएसला ती नव्हतीच. जुन्या १०५० टीआय कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळणारी पंचाहत्तर वॅट पुरत असे. मी दुकानातून जोडवायर आणली होती ती लावली. संगणक सुरू झाला. खेळ सुरू झाला. दहा मिनिटांत बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. चौथ्या खेपेस फट् असा आवाज झाला आणि जळक्या वासाने खोली भरली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आली. चिरंजीवांनी भिंतीवरचे बटण बंद केले, आणि एक शब्दही न बोलता खाली बसून स्क्रू काढू लागला. त्याचे ते न बोलणे मला फार लागले. रागावला असता तर बरे वाटले असते.

वीज कोठे अडली हे त्याने मला त्या रात्री कागदावर मांडून दाखवले. डब्यावरचा साडेचारशेचा आकडा ठळक असतो, पण पाहायचे ते त्याखालचे बारीक कोष्टक. प्रोसेसर आणि कार्ड ही मुख्यतः बारा व्होल्टच्या तारेवर जगतात. आमच्या डब्यावर त्या तारेपुढे अठरा अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले अठरा म्हणजे दोनशे सोळा वॅट. कार्डाची भूक एकशे पंचाऐंशी, प्रोसेसरची पासष्ट, बेरीज अडीचशे, शिवाय इतर फुटकळ मागण्या. इयत्ता पाचवीचे गणित! मी सही करण्यापूर्वी पाच मिनिटे देऊन ते केले असते तर झाले असते. दुसऱ्या दिवशी कारागिराने निदान केले : एसएमपीएस गेला, जाताना कार्ड घेऊन गेला. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि नव्या वस्तू केवळ दैवाने वाचल्या.

हातात चौदा हजार दोनशे उरले होते. मी चिरंजीवांना म्हणालो की, माझी चूक आहे, सहा हजार मी वेगळे घालतो. तो म्हणाला, “नको बाबा. बजेट पंचवीसचंच ठेवू. बघू काय होतं.” मला वाटते, त्या क्षणापासून या प्रकल्पाचा प्रमुख तो झाला आणि मी त्याचा कारकून झालो.

दुसरा शनिवार. प्रथम एसएमपीएस : नावाजलेल्या कंपनीचा, साडेपाचशे वॅटचा, कोष्टक वाचून, रुपये ४,३००. या खरेदीत मी तोंड उघडले नाही. मग रायझन ५ मालिकेतील ५६०० क्रमांकाचा नवा प्रोसेसर, खोक्यासह, तीन वर्षांच्या वॉरंटीचा, रुपये ९,४००. येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. एएमडीने २०१७ साली या प्रोसेसरांसाठी मदरबोर्डवर जी बैठक दिली, एएम४ नावाची, ती पुढे कित्येक वर्षे बदलली नाही. २०२२ मध्ये आलेला ५६०० हा प्रोसेसर आमच्या बी ३५० जातीच्या जुन्या बोर्डावर बसतो, फक्त बोर्डाचे बायोस आधी अद्ययावत करावे लागते. इंटेलच्या बाबतीत हे सुख नाही. सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर दिसायला सारखा असूनही चालत नाही. तेव्हा जुने यंत्र सुधारायचे असेल तर पैसे मोजण्याआधी मदरबोर्डचे नाव वाचावे आणि त्याच्या कंपनीच्या यादीत कोणते प्रोसेसर आहेत ते पाहावे. उंबरा तोच ठेवून घर वाढवता आले तर खर्च निम्म्याने वाचतो.

बायोस बदलायचे ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नवा आधी बसवला तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. मे महिना होता, बाहेर वळवाचे ढग गडगडत होते. मला यूपीएसपाशी बसवण्यात आले. ती सात-आठ मिनिटे मी कोणत्याही लेखापरीक्षणात काढली नसतील अशी काढली.

मग जुना प्रोसेसर उचलणे. या बैठकीत टाचण्या प्रोसेसरच्या अंगाला असतात. पंख्याखालची पेस्ट वर्षानुवर्षे वाळून चिकटलेली असते, आणि पंखा सरळ ओढला तर प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो व टाचण्या वाकतात. म्हणून यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्यायची, मग वीज बंद करून पंखा अलगद डावीउजवीकडे फिरवत सोडवायचा. चिरंजीवांनी हे इतक्या हळुवार केले की मला माझ्या आईचे भाकरी उलथणे आठवले. चारशे रुपयांचा एक पंखा कॅबिनेटच्या पाठीस लावला, आतली सात वर्षांची धूळ काढली. त्या धुळीत नागपूरची किती आणि बंगळूरची किती, कोण सांगणार.

आणि जुनेच १०५० टीआय कार्ड परत खाचेत बसवले.

संध्याकाळी खेळ लावला. आमचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा आहे. त्याहून अधिक चित्रे यंत्राने तयार केली तरी डोळ्यांपर्यंत साठच पोचतात. पूर्वी जो आकडा धडपडत चाळिशीवर येई तो आता साठाच्या खाली क्वचितच जात होता, आणि मुख्य म्हणजे ते मध्येच गोठणे थांबले होते. अहवालात जे लिहिले होते ते अक्षरशः खरे ठरले. कार्ड मुळात नकोच होते. एकूण खर्च चोवीस हजार नऊशे, आणि त्यात सहा हजारांचा जळका तुकडा. उरलेल्या शंभरात आम्ही पेटेतल्या एका हॉटेलात कॉफी प्यालो.

दोन गोष्टी नंतर घडल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला. आमचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नव्हता, नवा आहे. हा फायदा आम्ही हिशेबात धरलाच नव्हता. दुसरी गोष्ट रॅमची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे मेमरीचा ओघ वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने क्रुशियल या नावाने ग्राहकांसाठी मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा घरात जुनी डीडीआर४ ची पट्टी असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका, एवढे सांगतो.

चमू अजून पाचांचाच आहे. रात्री दारावरून जाताना कानी येते ते मराठी येथे व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नसते, पण ते मराठी असते.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक विनंती. आपल्या मंडळाच्या कार्यालयातला संगणक सुरू व्हायला चहा होऊन जातो, अशी चिटणीसांची तक्रार आहे आणि नवा घेण्याचा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. चिरंजीवांनी परवा तो उघडून पाहिला. रॅम चार जीबी, डिस्क जुनी फिरती, बाकी प्रकृती उत्तम. एक एसएसडी आणि रॅमची एक पट्टी, एवढ्यावर काम भागेल असे त्याचे मत आहे आणि तसा लेखी अहवाल त्याने माझ्याकडे दिला आहे. तो मी अध्यक्षांकडे सुपूर्द करतो. मंजुरी द्यावी. खरेदीला मात्र मला पाठवू नये.